सर्वांचा संगणक

(महाविद्यालयातील संगणक आणि त्यांचे जाळे सर्वांच्या मालकीचे असते. ते वापरताना एकाने केलेली चूक अनेकांना भोगावी लागते. असे का होते आणि ते टाळण्यासाठी आपण काय करावे, हे या पाठात तीन खऱ्या घटनांच्या आधारे सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो,

शाळेच्या ग्रंथालयातून तुम्ही एखादे पुस्तक घरी आणता. मोठ्या आवडीने वाचू लागता. गोष्ट रंगात येते आणि नेमकी पुढची दोन पाने कोणीतरी फाडून नेलेली असतात! त्या वेळी तुम्हांला किती राग येतो! पाने फाडणाऱ्याला तुम्ही ओळखत नाही. तोही तुम्हांला ओळखत नाही. तरी त्याच्यामुळे तुमचे नुकसान झालेले असते.

दहावीनंतर तुमच्यापैकी बरेच जण महाविद्यालयात जातील. तेथे संगणक कक्ष असेल. मुले त्याला 'कॉम्प्युटर लॅब' म्हणतात. तेथील एकाच संगणकावर सकाळी एक विद्यार्थी बसतो, दुपारी दुसरा आणि संध्याकाळी तिसरा. शिवाय कक्षातील सर्व संगणक एकमेकांना जोडलेले असतात. या जोडणीला जाळे किंवा नेटवर्क म्हणतात. पुस्तकाचे पान फाडले तर एकाच पुस्तकाचे नुकसान होते. जाळ्यातील एका संगणकात बिघाड झाला, तर तो बिघाड कोठपर्यंत जाईल हे सांगता येत नाही.

आज आपल्या खिशातला मोबाईलसुद्धा एक छोटा संगणकच आहे. पण १९६० च्या सुमारास एक संगणक ठेवायला मोठी खोली लागत असे. त्याची किंमत इतकी प्रचंड होती की, मोठमोठ्या विद्यापीठांतही मोजकेच संगणक असत. विद्यार्थी आपले गणित जाड कार्डांवर छिद्रे पाडून लिहीत. त्या कार्डांचा गठ्ठा ते संगणक चालवणाऱ्या कर्मचाऱ्याकडे देत. उत्तर मिळायला कधी काही तास लागत, तर कधी दुसरा दिवस उजाडे. एक छिद्र चुकले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

अमेरिकेत केंब्रिज नावाच्या शहरात 'एमआयटी' ही प्रसिद्ध शिक्षणसंस्था आहे. तेथे फर्नांडो कॉर्बाटो नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक युक्ती शोधली. वर्गात एकच शिक्षक असतात. पण ते एका मुलाला क्षणभर मदत करतात, मग दुसऱ्याकडे वळतात, मग तिसऱ्याकडे. संगणकानेही तसेच केले तर? संगणक इतका वेगवान असतो की, त्याने प्रत्येकाला आळीपाळीने क्षणाचा छोटासा भाग दिला, तरी प्रत्येकाला वाटते, 'हा संगणक माझ्यासाठीच चालला आहे.' नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी हा प्रयोग लोकांना दाखवला. एका संगणकावर एकाच वेळी अनेकांना काम करता येऊ लागले.

पण त्याबरोबर एक नवी अडचण आली. संगणक एक आणि वापरणारे अनेक. मग प्रत्येकाचे काम वेगळे कसे ठेवायचे? एकाच्या कामात दुसऱ्याने हात घालू नये, यासाठी काय करायचे? तेव्हा प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला. हाच परवलीचा शब्द. आपण त्याला पासवर्ड म्हणतो. घराला जसे कुलूप, तसा आपल्या कामाला पासवर्ड.

कुलूप आले आणि थोड्याच दिवसांत ते उघडणाराही निघाला! तो चोर नव्हता, तर तेथीलच एक हुशार संशोधक विद्यार्थी होता. त्याचे नाव ॲलन शेर. त्याला आठवड्यातून चार तास संगणक मिळत असे. त्याच्या कामाला तेवढा वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये एका शुक्रवारी रात्री त्याने एक युक्ती केली. सर्वांचे पासवर्ड ज्या यादीत होते, ती यादी छापून मिळावी असे कार्ड त्याने संगणकाकडे पाठवले. शनिवारी सकाळी छापलेली यादी त्याच्या हातात आली. मग तो दुसऱ्यांच्या नावाने संगणक वापरू लागला.

त्याचे संशोधन चांगले होते. पण जास्तीचे तास आले कोठून? ते तास दुसऱ्यांच्या नावावर होते. गोष्ट एवढ्यावरच थांबली नाही. दोष एकट्यावर येऊ नये म्हणून त्याने ती यादी आणखी काही जणांना दिली. त्यांपैकी एकाने तर प्रयोगशाळेच्या संचालकांच्या खात्यात शिरून खोडकर संदेश ठेवायला सुरुवात केली! अनेक वर्षांनी शेर यांनी स्वतःच हे सर्व सांगितले. तुम्ही म्हणाल, 'यात कोणाचे मोठे नुकसान झाले?' पण विचार करा. ज्या कुलपावर सर्वांचा विश्वास होता, त्याची किल्ली एकाच्या हातून दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याच्या हातात गेली.

दुसरी घटना त्याच संस्थेतील आहे. ती १९६६ मधील. संगणकावर काम सुरू करताना प्रत्येकाला पडद्यावर किंवा कागदावर त्या दिवसाची सूचना दिसत असे. एके दिवशी दोन कर्मचारी एकाच वेळी काम करत होते. एक जण सूचना लिहीत होता. दुसरा पासवर्डची यादी दुरुस्त करत होता. संगणकाच्या आज्ञावलीत एक उणीव होती. त्यामुळे दोन्ही कागदांची अदलाबदल झाली. जो कोणी संगणक सुरू करी, त्याच्यासमोर सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड येऊ लागले!

ती शुक्रवारची संध्याकाळ होती. एका वापरणाऱ्याच्या लक्षात ही गोष्ट आली. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. ती यादी गुपचूप उतरवून घ्यावी किंवा गप्प राहून घरी जावे. त्याने दोन्ही वाटा सोडल्या. यादी आणखी कोणाला दिसू नये म्हणून त्याने लगेच संगणकाला अशी आज्ञा दिली की, सगळी यंत्रणाच बंद पडली. त्यानंतर सर्वांचे पासवर्ड बदलण्यात कित्येक तास गेले. पण लोकांचे काम सुरक्षित राहिले.

संस्था एकच, यादीही पासवर्डचीच. पण दोन माणसे किती वेगळी वागली! पहिल्याने ती यादी मुद्दाम मिळवली. दुसऱ्याला ती आपोआप दिसली, तरी त्याने ती झाकली. यालाच आपण अमानत जपणे म्हणतो.

आता तिसरी घटना ऐका. ही सर्वांत मोठी आहे. १९८८ पर्यंत अमेरिकेतील विद्यापीठांचे संगणक एकमेकांना जोडले गेले होते. त्या जाळ्यात सुमारे साठ हजार संगणक होते. कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट मॉरिस नावाचा एक तरुण शिकत होता. संगणकशास्त्रात तो फार हुशार होता. त्याने एक छोटी आज्ञावली लिहिली. ती एका संगणकातून दुसऱ्या संगणकात आपोआप जाई आणि तेथे स्वतःची प्रत तयार करी. अशा आज्ञावलीला 'वर्म' म्हणजे किडा असे म्हणतात. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी त्याने हा किडा जाळ्यात सोडला.

हा किडा कोणाची माहिती पुसत नव्हता, कोणाचा कागद फाडत नव्हता. मग बिघडले काय? एका छोट्या हिशेबात चूक झाली. नव्या संगणकात शिरताना किडा विचारी, 'येथे माझी प्रत आधीपासून आहे का?' उत्तर 'होय' आले तर त्याने थांबायला हवे होते. पण मॉरिसला वाटले, लोक खोटेच 'होय' सांगून किड्याला अडवतील. म्हणून त्याने असे ठरवले की, सात वेळांपैकी एकदा 'होय' ऐकूनही किड्याने थांबू नये. सातांतून एकदा! ऐकायला किती थोडे वाटते! पण किडा इतक्या वेगाने फिरत होता की, एकाच संगणकात त्याच्या कितीतरी प्रती जमा झाल्या. संगणकाची सगळी शक्ती त्या प्रती चालवण्यातच संपू लागली. काम मंद झाले आणि मग ठप्प झाले. सुमारे सहा हजार संगणकांना त्याची झळ पोहोचली, असा अंदाज आहे.

हा किडा इतक्या संगणकांत शिरला कसा? काही संगणकांच्या आज्ञावलीत उणिवा होत्या. काही संगणकांनी एकमेकांवर विश्वास टाकून दार उघडे ठेवले होते. आणि काही ठिकाणी किड्याने चक्क पासवर्ड ओळखले! त्याच्याजवळ ४३२ शब्दांची यादी होती. तो एकेक शब्द लावून पाहत असे. माणसाचे नाव, तेच नाव उलटे, असेही तो करून पाहत असे. आपले नाव हाच ज्याचा पासवर्ड, त्याचे कुलूप लगेच उघडे. गंमत अशी की, या तरुणाचे वडीलही संगणकतज्ज्ञ होते. त्यांनी १९७९ मध्ये केन थॉम्प्सन यांच्यासह पासवर्डविषयी एक लेख लिहिला होता. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा त्यांतील ८६ टक्के सहज ओळखता येण्याजोगे निघाले होते.

किडा हाताबाहेर गेल्याचे पाहून मॉरिस घाबरला. त्याच्या एका मित्राने जाळ्यावरून लोकांना संदेश पाठवला. त्यात माफी होती आणि किडा कसा थांबवावा तेही सांगितले होते. पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. ज्या जाळ्यावरून तो संदेश जायचा, तेच जाळे किड्याने तुंबवले होते! औषध होते, पण रोग्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ताच बंद होता. निरनिराळ्या विद्यापीठांतील तज्ज्ञांनी रात्रभर जागून त्या किड्याचा अभ्यास केला, तेव्हा कोठे त्यावर उपाय सापडला.

मॉरिसवर खटला चालला. १९९० मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवा करण्याची आणि १०,०५० डॉलर दंड भरण्याची शिक्षा दिली. पुढे त्याने आपली बुद्धी चांगल्या कामाला लावली आणि तो एमआयटीत प्राध्यापक झाला. म्हणजे चूक करणारा माणूस सुधारू शकतो. परंतु त्या रात्री अडलेले हजारो लोकांचे काम त्याला परत देता आले नाही.

मित्रांनो, संगणकांचे असे जाळे आपल्या देशातही पसरले आहे. १९८६ मध्ये भारतात 'एर्नेट' हा प्रकल्प सुरू झाला. मुंबईच्या आयआयटीसारख्या संस्था त्यातून जोडल्या गेल्या. १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य लोकांनाही इंटरनेट मिळू लागले. आज अनेक महाविद्यालयांत वाय-फाय असते. आपल्याकडे २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला. दुसऱ्याचा पासवर्ड बेइमानीने वापरला, तर या कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद २००८ च्या दुरुस्तीने आली. 'मी तर गंमत केली,' असे म्हणून सुटका होत नाही.

पण केवळ शिक्षेच्या भीतीने नीट वागणे ही काही मोठी गोष्ट नाही. मोहल्ल्यातील सार्वजनिक नळ आपण पाणी भरून झाल्यावर बंद करतो. तेथे पोलीस उभा नसतो. आपल्यामागे रांगेत आणखी माणसे आहेत, हे आपल्याला ठाऊक असते. संगणक कक्षातही अशीच एक रांग असते. फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून तुम्ही महाविद्यालयात जाल, तेव्हा काही गोष्टी लक्षात ठेवा.

पासवर्ड लांब ठेवा. स्वतःचे नाव, जन्मतारीख किंवा मोबाईलचा नंबर पासवर्ड म्हणून ठेवू नका. एखादा जिवलग मित्र म्हणेल, "यार, आज तुझा पासवर्ड दे ना, माझा चालत नाही." त्याला प्रेमाने सांगा, "चल, मी तुझ्याबरोबर सरांकडे येतो. ते तुला नवा पासवर्ड देतील." यात मैत्री तुटत नाही. उद्या तुमच्या नावाने काही गैर घडले, तर आधी तुम्हांलाच विचारले जाईल. आणि मित्राकडेही सर्वांचे बोट जाईल.

काम संपले की आपले खाते बंद करून मगच उठा. याला 'लॉग आऊट' करणे म्हणतात. पडदा बंद केला म्हणजे खाते बंद होत नाही. संगणक 'पासवर्ड लक्षात ठेवू का?' असे विचारतो. सार्वजनिक संगणकावर त्याला नेहमी 'नाही' असेच सांगा. एखाद्याचे खाते उघडे राहिलेले दिसले, तर ते वाचू नका. ते बंद करा आणि त्याला तसे सांगा. १९६६ मधील त्या माणसाची आठवण ठेवा.

पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी तो तपासून घ्या. त्यात एखादा व्हायरस असला, तर तो लॅबच्या संगणकात जातो. मग त्या संगणकाला जो जो आपला पेनड्राइव्ह लावील, त्याच्या त्याच्या घरी तो पोहोचतो. शिक्षकांच्या परवानगीशिवाय कोणतीही नवी आज्ञावली संगणकात घालू नका.

जाळ्याची शक्तीही सर्वांत वाटलेली असते. एक जण वर्गाच्या वेळी मोठा सिनेमा उतरवून घेत बसला, तर बाकीच्यांचे काम रेंगाळते. कदाचित त्याच वेळी मागच्या बाकावरील मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत असेल आणि तो शेवटचा दिवस असेल! तिला अडवणारा कोण, हे तिला कधीच कळणार नाही. पण आपल्याला ते कळायला हवे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या हातून चूक झाली, तर ती लपवू नका. ताबडतोब शिक्षकांना सांगा. चुकीचे बटण दाबले गेले, अनोळखी फाईल उघडली, संगणक बंद पडला, काहीही असो. रागावतील म्हणून आपण गप्प राहतो. पण जाळ्यात चूक आपली वाट पाहत थांबत नाही. ती पुढे पुढे जात राहते. पाच मिनिटांत सांगितले, तर एक संगणक बाजूला काढावा लागेल. पाच तासांनी सांगितले, तर कदाचित सगळी लॅब बंद ठेवावी लागेल.

महाविद्यालयातील तुमची पहिलीच तासिका संपेल. तुम्ही उठाल आणि दुसराच कोणी त्या खुर्चीवर येऊन बसेल. तुम्ही त्याला ओळखत नसाल. त्याला संगणक चालू स्थितीत मिळावा, तुम्हांला मिळाला त्याहून अधिक चांगला मिळावा, ही जबाबदारी तुमची आहे. तुमच्या आधी उठून गेलेल्या कोणीतरी ती पार पाडली, म्हणून तर तुमचे काम झाले!

शब्दार्थ

आज्ञावली – संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना, प्रोग्रॅम
परवलीचा शब्द – ओळख पटवणारा गुप्त शब्द, पासवर्ड
आळीपाळीने – एकामागून एक, पाळीपाळीने
उणीव – कमतरता, दोष
प्रत – नक्कल, कॉपी
अमानत – विश्वासाने सोपवलेली वस्तू, ठेव
देखरेख – लक्ष ठेवणे, निगराणी
खटला – न्यायालयात चालणारे प्रकरण, मुकदमा
ठप्प होणे – पूर्णपणे बंद पडणे
झळ पोहोचणे – त्रास होणे, नुकसान सोसावे लागणे
हाताबाहेर जाणे – ताब्यात न राहणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १९६० च्या सुमारास विद्यार्थी आपले गणित कशावर लिहीत?
(आ) ॲलन शेर यांना आठवड्यातून किती तास संगणक मिळत असे?
(इ) मॉरिसने किडा जाळ्यात केव्हा सोडला?
(ई) भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा कोणत्या साली आला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) संगणक वापरणाऱ्यांना पासवर्ड देण्यात आले.
(आ) १९६६ मध्ये एका माणसाने सगळी यंत्रणा बंद पाडली.
(इ) मॉरिसच्या मित्राचा संदेश लोकांपर्यंत वेळेवर पोहोचला नाही.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पासवर्डची यादी हाती आल्यावर दोन माणसे कशी वेगवेगळी वागली?
(आ) 'सातांतून एकदा' या हिशेबामुळे काय घडले?
(इ) सार्वजनिक नळ आणि संगणक कक्ष यांत कोणते साम्य आहे?

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
ठप्प होणे, झळ पोहोचणे, हाताबाहेर जाणे, विश्वास टाकणे

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
सुरक्षित × ....., गुप्त × ....., विश्वास × ....., मंद × .....

प्र. ६. पुढील वाक्यांचे उर्दूत भाषांतर करा.
(अ) आपल्या हातून चूक झाली, तर ती लपवू नका.
(आ) काम संपले की आपले खाते बंद करून मगच उठा.

उपक्रम : तुमच्या शाळेतील संगणक कक्षासाठी किंवा ग्रंथालयासाठी पाच नियम तयार करा. प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण एका वाक्यात लिहा आणि तो तक्ता भिंतीवर लावा.